वापर थांबला, कोड उरला

मोठ्या उद्योगांच्या संगणकप्रणालीत जुन्या भागांवर नवे भाग चढत जातात आणि वापरातून गेलेलेही तसेच राहतात. खरा धोका या उरलेल्या भागांत असतो. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीने ‘पॉवर पेग’ नावाची सुविधा २००३ मध्ये वापरणे थांबवले. कोड मात्र सर्व्हरवरून हटवला नाही. २०१२ मध्ये नव्या सुविधेसाठी ‘पॉवर पेग’चाच जुना फ्लॅग, म्हणजे कोड चालू करणारी खूण, पुन्हा वापरला गेला. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड चालू झाला आणि ऑर्डरी सोडतच राहिला. बिघाड शोधताना उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोडच काढला गेला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी, की बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने ‘पॉवर पेग’चा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याचे इशारे म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांची दखल घेतली गेली नाही. अशा प्रणालींत निवृत्त कोड वेळीच हटवणे आणि प्रत्येक बदल दुसऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घेणे अत्यावश्यक असते. नाइटमध्ये दोन्ही झाले नव्हते.