घरबसल्या काम, पण हिशेबाने

नोकरी किंवा कारखाना सोडून घरीच काम करावे, असा विचार आज आपल्या अनेक घरांत चालला आहे. कुणी शिवणकाम करतो, कुणी जरदोजी, कुणी उर्दू-मराठी टाइपसेटिंग, तर कुणी दुकानदारांचे हिशेब लिहून देतो. आमच्याकडे विचारपूस करायला येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : काम मिळेल का? आमच्या मते खरा प्रश्न त्यापुढचा आहे. केलेल्या कामाचे पैसे हातात पडतील का, आणि पडले तर पुरतील का?

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. ठेकेदार कापड आणून टाकतो, नगावर मजुरी देतो, नापास माल परत करतो. यात कारागीर घरी बसला असला तरी धंदा त्याचा नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजयांच्या खोळी शिवणाऱ्या मुस्लिम बायकांची हीच अवस्था होती. १९७० च्या दशकात 'सेवा' संघटनेच्या साथीने त्यांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले. मग गिरण्यांतून चिंध्या स्वतःच घेऊन त्यांनी खोळी शिवायला व विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून सहकारी संस्था उभी राहिली. म्हणून एकाच शेठवर विसंबू नये. तीन-चार कायमची गिऱ्हाइके होईपर्यंत हातातली नोकरीही सोडू नये.

दर ठरवताना बहुतेकजण शेजारच्याचा दर विचारतात. त्यापेक्षा पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा, घरखर्चाला महिना १८,००० रुपये हवेत. वीज, दोरा, मशीन दुरुस्ती, जाणे-येणे यांना ३,००० धरा. एकूण २१,००० झाले. महिन्याचे २५ दिवस रोज ८ तास म्हणजे २०० तास खरे, पण माल आणणे, पोहोचवणे, फोन, उधारीचे तगादे यांत तिसरा हिस्सा सहज जातो. उरले सुमारे १३० तास. म्हणजे तासाला १६० रुपयांच्या वर मिळाले पाहिजेत. ज्या ड्रेसला तीन तास लागतात तो ३०० रुपयांत शिवून दिला, तर आपण पदरचे घालतो आहोत. हे गणित एकदा मांडले की 'भाईजान, जरा कमी करा' याला उत्तर देणे सोपे जाते.

उधारीच्या बाबतीत आम्ही स्वतः पोळलो आहोत. एका व्यापाऱ्याचे माहितीपत्रक आम्ही तोंडी बोलीवर तयार करून दिले. चार वेळा प्रूफ बदलले, माल छापून वाटलाही गेला. पैसे मागायला गेलो की शेठ गावाला गेलेले! कागद नव्हता, त्यामुळे बोलायला तोंडही नव्हते. व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही, तरी ओळखीच्या माणसापुढे वही काढायला संकोच वाटतो. काम काय, दर किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, एवढे चार ओळींत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर होकार घेतला तरी पुष्कळ झाले.

कायद्याचा आधारही आहे, पण नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी आधार व पॅनवर फुकट होते. एजंटाला पैसे देऊ नयेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे अशा सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि कराराने मुदत वाढवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, व तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येते. मात्र नोंदणी काम देण्यापूर्वीची असावी. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी वादात सापडते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही. तो माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे.

कंपनीने बिलातून कर कापला असेल, तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. अनेकजण ही रक्कम सोडून देतात, याचे आम्हाला नवल वाटते.

त्या माहितीपत्रकाची फाइल आमच्या कपाटात अजून आहे. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडून आम्ही निम्मी रक्कम बयाणा म्हणून आधी घेतो. आजवर नकार दिला तो एकानेच, आणि त्याचे काम आम्ही घेतले नाही.