ब्लोअर फक्त चारवरच का चालतो?

मंडळी, पावसाळ्यात घाट चढताना काच आतून धुरकट होते आणि नेमका तेव्हाच ब्लोअर बंद पडलेला असतो. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, समोरचा ट्रक दिसत नाही. म्हणून आज आपण हीटरच्या पंख्याच्या वायरिंगबद्दल बोलू. हीटरची आणि एसीची हवा ढकलणारा पंखा एकच असतो, हे आधी लक्षात घ्या.

मालक येऊन सांगतात, "एक-दोन-तीनवर काहीच नाही, चारवर मात्र जोरात." हे ऐकलं की आम्ही मोटरला हात लावत नाही. ती खराब असती तर चारवर कशी फिरली असती? नॉबच्या साध्या गाड्यांत खालच्या वेगांचा करंट रेझिस्टन्समधून जातो. सर्वांत वरच्या वेगाला रेझिस्टन्स वगळला जातो. त्याच्यावरचा थर्मल फ्यूज उडाला की खालचे सगळे वेग एकदम बंद. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ते आज नको.)

आता, नवा रेझिस्टन्स बसवला आणि काम संपलं, असं नाही. तो जळला का? तो मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, पंख्याच्या वाऱ्यानेच थंड राहतो. केबिन फिल्टर तुंबला की वारा कमी होतो. मोटरचे बुश कोरडे पडले किंवा पंख्यात पानं अडकली, की मोटर जड फिरते आणि करंट जास्त ओढते. हे तसंच ठेवलं तर नवाही जळणार. कपलरही काढून बघा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर आतली पिन सैल आहे, तीच तापते.

पंखा कुठल्याच वेगाला फिरत नसेल, तर आधी फ्यूज. तो ठीक असेल, तर पुढे आम्ही स्वतः फसलो आहोत. मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, मोटर बाद ठरवली. नवी बसवली, तीही फिरेना! दोष निघाला गंजलेल्या अर्थच्या नटमध्ये. मीटर नावापुरताच करंट घेतो, त्यामुळे वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो 12 दाखवतो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, स्विच चारवर टाकून मोजायचं: मीटरचं एक टोक मोटरच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या जवळ हवा. चार-पाच व्होल्ट आले, तर तेवढे वाटेतच खाल्ले जातायत. मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज येतंय, अर्थही चांगला आहे, तरी ती गप्प आहे? मग तिला हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरली तर कार्बन झिजलेत.

आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून 30 च्या जागी 40 चा टाकणारे बरेच भेटतात. "आता उडत नाही," म्हणतात. उडणार कसा? पण वायर तर तीच आहे, 30 च्या हिशोबाची. आता फ्यूजच्या आधी ती तापणार, आणि तीही डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकला चिकटून. अशा गाडीचा आम्ही आधी फ्यूज बदलतो, मग दोष शोधतो.

जळका कपलर आणि जुनी मोटर इथे टेबलावर ठेवली आहे. पुढे येऊन बघा, हाताळा, मग प्रश्न घेऊ.