वेळापत्रकातल्या रिकाम्या चौकटी

विद्यापीठाच्या परीक्षेचं टाइमटेबल ज्या टेबलावर तयार होतं, तिथे तीन कागद हाताशी लागतात: शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना, विषयांची यादी आणि कालनिर्णय. माझी नोकरीची वर्षं राज्यातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली. कुणाला कोणत्या दिवशी पेपर देणं शक्य नाही, हे आधी ठरायचं आणि मगच उरलेल्या दिवसांत पेपर बसायचे. बाहेरच्यांना फक्त छापलेलं वेळापत्रक दिसतं. त्यातल्या रिकाम्या चौकटींमागे किती वाद, किती विनंत्या आणि किती माणसं असतात, ते सांगावंसं वाटतं.

२०२४ चं उन्हाळी सत्रच घ्या. १२ मार्चला रोजे सुरू झाले. २५ मार्चला धुळवड, २९ ला गुड फ्रायडे, ९ एप्रिलला पाडवा, ११ ला रमजान ईद, १४ ला आंबेडकर जयंती, १७ ला रामनवमी, २१ ला महावीर जयंती. त्यातच महाराष्ट्रात लोकसभेचं मतदान १९ एप्रिल ते २० मे असं पाच टप्प्यांत झालं, म्हणजे मतदान केंद्र असलेली कॉलेजं आणि निवडणूक ड्युटी लागलेले प्राध्यापक हातचे गेले. मागचे विषय राहिलेल्या, एटीकेटीवाल्या मुलांचे दोन पेपर एकाच वेळी येऊ नयेत हे सांभाळून या जाळ्यातून वाट काढायची, तर कंट्रोलरपासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांचा कस लागतो.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चंद्र. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी तो दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर एक दिवस पुढे. अधिसूचनेतली तारीख ही अंदाजाची. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मात्र तोवर सील होऊन केंद्रांवर निघालेले असतात. म्हणून जाणते लोक ईदच्या आगेमागे एक चौकट रिकामी सोडतात. ही पद्धत कुठल्या परिपत्रकात नव्हती. एका ज्येष्ठ अधीक्षकांनी ती हट्टाने पाडली, आणि त्यांच्यामागे आलेल्यांनी चालू ठेवली.

कधी तारीख चंद्राने नाही, माणसांच्या समजूतदारपणाने हलते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अनंत चतुर्दशी १७ ला होती आणि ईद-ए-मिलाद १६ ला. मुंबईत विसर्जनाच्या गर्दीत जुलूस नको म्हणून तो १८ ला काढायचं ठरलं, आणि शासनाने मुंबई शहर व उपनगरापुरती सुट्टी १६ वरून १८ वर नेली. बाकी राज्यात ती सरसकट हलवली नाही. निर्णय चांगलाच होता. पण ज्या विद्यापीठाची कॉलेजं मुंबईतही आहेत आणि कोकणातही, त्याच्या परीक्षा विभागाच्या जागेवर बसून बघा. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, एकाच वेळी उघडायची. म्हणजे १६ ही रिकामी आणि १८ ही.

आमच्या विभागात गठ्ठे उचलणारे एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी जायचा त्यांचा नेम. वारी येते ती नेमकी निकालाच्या धामधुमीत. नैमित्तिक रजा वर्षाला आठ, वारीला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त दिवस. अर्जित रजा शिल्लक असूनही ती मंजूर होईल की नाही, हे त्या वर्षीच्या साहेबांच्या मर्जीवर. दर जूनमध्ये मामा केबिनबाहेर उभे राहायचे. त्यांचं काम सांभाळायचे भाई, आमचे मुसलमान क्लार्क. त्या बदल्यात रोज्यांत संध्याकाळचे गठ्ठे मामा घ्यायचे, म्हणजे भाई इफ्तारला घरी पोहोचायचे. तोंडी व्यवहार, पण पक्का.

२०१३ मध्ये तो अडला. भाई म्हणाले, “मामा, यंदा तुमची पालखी आमच्या रोज्यात आली.” वारीचे शेवटचे दिवस आणि पहिले रोजे एकत्र आले होते. पुढच्या वर्षीही तेच. आम्ही कालनिर्णय घेऊन बसलो तेव्हा कारण कळलं. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. अधिक महिना नसेल त्या वर्षी आपली तिथीही तेवढीच अलीकडे येते, म्हणजे दोघं जोडीनेच सरकतात. २०१५ चा अधिक आषाढ आला आणि वारी महिनाभर पुढे गेली, तरी सुटका नाही: आता पालखीचं प्रस्थान आणि रमजानचे अखेरचे रोजे एकत्र. हे २०१७ पर्यंत चाललं. २०१८ च्या अधिक ज्येष्ठाने दोघांना वेगळं केलं.

पण या अडचणीतूनच चांगली गोष्ट निघाली. तोंडी अदलाबदल चालेना, तेव्हा अधीक्षकांनी जानेवारीतच वर्षाचा रजेचा तक्ता केला. वारी, रोजे, पर्युषण, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे, नाताळ, सगळं आधीच लिहून घेतलं आणि त्या त्या दिवसांसाठी रोजंदारीची माणसं ठरवली. रोजे धरणाऱ्यांना सकाळची पाळी मिळाली. मामांच्या अर्जावर जानेवारीतच सही झाली. त्या जूनमध्ये ते केबिनबाहेर उभे राहिले नाहीत. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हेच. रजा पूर्वीही मिळायची, पण ती मागावी लागायची, आणि मागताना माणूस लहान व्हायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. कागद कापायचं मशीन, झेरॉक्स, जीप, सगळ्यांना झेंडूच्या माळा. वर्गणी पगारातून परस्पर कापल्यासारखीच गोळा व्हायची. एक सहकारी बौद्ध होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात दीक्षेसोबत ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या ते अक्षरशः पाळायचे. पूजेला ते कधी उभे राहिले नाहीत. वर्गणी मात्र बरीच वर्षं देत राहिले, कारण न देणाऱ्याचं नाव यादीत उघडं पडायचं. पुढे ते दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी आदल्या दिवशीची रजा मागायला गेले, तेव्हा “पूजा टाळायची म्हणून रजा का?” असं त्यांना ऐकावं लागलं. त्यांनी शांतपणे एक कागद पुढे ठेवला. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही संमतीशिवाय पूजेला हजर राहायला लावता येत नाही, हा घटनेचा अनुच्छेद २८. “विद्यार्थ्याला हे संरक्षण आहे, मग कर्मचाऱ्याला निदान सौजन्य तरी असावं,” एवढंच ते बोलले. यादी बंद झाली. ज्यांना पूजा करायची त्यांनी स्वतःच्या खर्चाने, जेवणाच्या सुट्टीत करायची असं ठरलं, आणि ती पुढेही उत्साहाने होत राहिली. धर्म पाळायची मोकळीक देताना दुसऱ्याचा धर्म न पाळायची मोकळीकही द्यावी लागते, आणि आपल्या कार्यालयांत ही दुसरी बाजू नेहमी मागे पडते.

प्रयोगशाळेतला एक किस्सा मात्र मला फार आवडतो. सोलापूरकडच्या तेलुगू घरातला एक मुलगा नोव्हेंबरमध्ये अय्यप्पाची माळ घालून कॉलेजला यायला लागला. काळे कपडे, गळ्यात माळ, एक्केचाळीस दिवसांचं व्रत, आणि अनवाणी. काळ्या कपड्यांना कुणाची हरकत नव्हती. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बंद बूट सक्तीचे. फरशीवर आम्लाचा थेंब कुठे पडला असेल सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, बूट घालणार नाही. शिक्षिका म्हणाल्या, “स्वामी, बुटांशिवाय मी तुम्हाला आत घेणार नाही.” पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यांनी ‘स्वामी’ म्हटलं, कारण व्रतात असलेल्याला तशीच हाक मारतात हे त्यांनी विचारून घेतलं होतं. मग त्यांनी त्याचा क्रम बदलला. व्रत संपेपर्यंत जर्नल, आकडेमोड, आलेख आणि तोंडीची तयारी. आम्लाची सगळी प्रॅक्टिकल्स जानेवारीत, शेवटच्या बॅचबरोबर. सुरक्षेचा नियम जागचा हलला नाही, हललं ते वेळापत्रक.

परीक्षेच्या दारावरची तपासणीही अशीच. घटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचं कृपाण नावानिशी आहे; तरी पर्यवेक्षक नवखा असला की शीख विद्यार्थी बाहेर ताटकळतो. हिजाब घातलेल्या मुलीची ओळख पटवायला एक बाई कर्मचारी आणि एक आडोसा पुरतो. दोन्ही पहिल्या घंटेच्या आधी झालं, तर कुणाची पाच मिनिटंही जात नाहीत.

सगळंच जमलं असं नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या एका मुलाचा पेपर शनिवारी आला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा विश्रामदिन. त्यात परीक्षा बसत नाही. त्याने अर्ज केला, उत्तर गेलं: एका विद्यार्थ्यासाठी तारीख बदलता येत नाही. त्याने पेपर सोडला आणि पुढच्या सत्रात दिला. मला तेव्हा अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू आठवले. तेल गाळायचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं आणि शनिवारी कुणी त्यांच्या दारात तेल मागायला गेलं नाही. कोकणातल्या खेड्यांना जे साधलं, ते आमच्या नियमावलीला साधू नये याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्या मुलाच्या अर्जामुळे परीक्षा फॉर्ममध्ये एक रकाना घालावा असा प्रस्ताव आम्ही दिला: धार्मिक कारणाने अडचणीचा वार किंवा तारीख. बरीच वर्षं तो फाइलीत राहिला, मग मंजूर झाला. रकाना भरला म्हणून तारीख बदलेलच असं नाही, पण टाइमटेबल करणाऱ्याला ते आधी कळतं, आणि थोड्या मुलांचे ऐच्छिक विषय शनिवारवरून सहज हलवता येतात. आता तिथे बसणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. २०३० मध्ये रमजान जानेवारीत एकदा येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. हिवाळी सत्राचे लांबलेले पेपर आजवर जानेवारीत ढकलले जायचे. त्या वर्षी दुपारी तीन ते सहाचा पेपर लावण्याआधी सूर्यास्ताची वेळ बघून घ्या. जानेवारीत तो सव्वासहाच्या सुमाराला होतो.