हसूं येतें, पण आवाज येत नाहीं

विनोदी नाटक पाहून घरीं परतलेल्या कुटुंबांत त्या रात्रीं एक तक्रार बहुधा निघते. "सगळें थिएटर हसत होतें, आणि हे आपले शेजारीं दगडासारखे बसलेले!" तक्रार करणारी कधीं पत्नी असते, कधीं मेहुणा असतो, तर कधीं हौसेनें तिकिटें काढणारा मुलगा असतो. ज्याच्यावर हा आरोप येतो तो एवढेंच म्हणतो कीं, "अहो, मला नाटक आवडलें." पण त्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. पुढच्या खेपेस त्याला वगळून तिकिटें काढलीं जातात, आणि 'अरसिक' ही पदवी त्या बिचाऱ्यास जन्मभर चिकटते. हा निकाल कितपत न्यायाचा आहे, याचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. विनोद कळून मनाला गंमत वाटणें ही एक क्रिया, आणि तोंडावाटे 'हा-हा' असा आवाज निघणें ही दुसरी. या दोन क्रिया पुष्कळदां हातांत हात घालून येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतों; परंतु त्यांचीं कारणें वेगळीं आहेत.

मोठ्यानें हसतांना छातीचे स्नायू आणि छाती व पोट यांमधील श्वासपटल हीं झटक्याझटक्यानें आखडतात, आणि फुफ्फुसांतील हवा तुकड्यातुकड्यानें बाहेर फेंकली जाते. एक 'हा' सेकंदाच्या सुमारें पंधराव्या हिश्शाइतका टिकतो, आणि असे 'हा' सुमारें एक पंचमांश सेकंदाच्या अंतरानें एकामागून एक येतात. हें यंत्र हुकमानें नीट चालत नाहीं. अर्धांगवायूनें चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या कांहीं रोग्यांचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. "हसून दाखवा" असें वैद्यानें सांगितलें तर त्यांना त्या बाजूचा ओठ हलवितां येत नाहीं. पण खरोखर गंमत वाटली कीं तोच ओठ आपोआप वर जातो. मुद्दाम हसण्याची वाट आणि सहज हसूं येण्याची वाट मेंदूंत निरनिराळ्या आहेत, असा याचा अर्थ. म्हणून "अहो, हसा कीं जरा!" असा आग्रह केल्यानें जें निघतें तें हसण्याचें सोंग होय.

आतां दुसरा मुद्दा. आपणांस वाटतें कीं मनुष्य विनोद ऐकून हसतो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनीं बाजारांत व विद्यापीठाच्या आवारांत सहज गप्पा मारणाऱ्या लोकांच्या हसण्याचे १,२०० प्रसंग टिपून घेतले. त्यांत ज्याला कसाबसा विनोद म्हणतां येईल अशा वाक्यानंतर आलेलें हसूं शेंकडा १० ते २० एवढेंच निघालें. बाकीचें हसूं "बरंय, भेटूं पुन्हां" किंवा "अरे, हा पहा कोण आला" अशा साध्या बोलण्याभोंवतीं होतें. शिवाय मनुष्य एकटा असतांना जितका हसतो त्याच्या सुमारें ३० पट चार माणसांत हसतो, असेंही त्यांना आढळलें. तेव्हां मोठ्यानें हसणें हा प्रामुख्यानें एकमेकांशीं बोलण्याचाच एक प्रकार आहे. "मी तुमच्यांतला आहें," हें शब्दांवांचून सांगण्याची ती रीत आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथांत असेंच प्रतिपादन केलें होतें: हसण्याला प्रतिध्वनि लागतो, आणि तें नेहमीं कोणत्या तरी गटाचें हसणें असतें. अमेरिकन दूरचित्रवाणीच्या व्यापाऱ्यांनीं हें तत्त्व लवकरच ओळखलें. १९५० नंतरच्या दशकांत चार्ल्स डग्लस नांवाच्या ध्वनितंत्रज्ञानें मुद्रित हशांचें एक यंत्रच तयार केलें. घरीं एकट्या बसलेल्या प्रेक्षकाला चार माणसांत बसल्याचा भास व्हावा, एवढ्यासाठीं ही खटपट होती. आज घरोघरीं प्रत्येकजण आपापल्या खोलींत, कानांत यंत्र घालून, हातांतल्या पडद्यावर विनोदी खेळ पाहतो आणि मुकाट्यानें पाहतो. त्याला गंमत वाटत नाहीं असें नव्हे. त्याचें हसूं ऐकावयास तेथें कोणी नसतें, इतकेंच.

"पण महाराज," असें आपण म्हणाल, "नाट्यगृहांत तर आठशें माणसें असतात. तेथेंही कांहीं गप्प कां?" याचीं कारणें एकाहून अधिक आहेत.

पहिलें कारण वळणाचें. भरताच्या नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांपैकीं पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यम प्रकृतीचे आणि शेवटले दोन अधम प्रकृतीचे. स्मितांत गाल किंचित् फुलतात, पण दांत दिसत नाहींत. हसितांत दांत थोडे दिसतात. आवाज येतो तो तिसऱ्या पायरीपासून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणें आणि बरगड्या धरून खिदळणें हें अगदीं तळाचें. भरतानें हे नियम रंगभूमीवरील पात्रांसाठीं सांगितले; परंतु आमच्या मध्यमवर्गीय घरांतूनही असाच दंडक पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. वडीलधाऱ्यांसमोर मोठ्यानें हसणें हा उद्धटपणा, आणि सुनेनें हसणें हा तर उघड गुन्हा! पदर तोंडावर धरून, खांदे हलवीत, आवाज न करतां हसणाऱ्या बायका आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिल्या असतील. ज्या स्त्रीनें वयाच्या विसाव्या वर्षापासून हसूं गिळण्याचा अभ्यास केला, तिला साठाव्या वर्षीं "आतां खुशाल हस" म्हणून कसें जमावें? गळा ती संवय विसरत नाहीं.

दुसरें कारण भीतीचें. शाळेंत छत्तीस वर्षें काढल्यावर मला याचीं उदाहरणें पुष्कळ सांपडलीं. एखाद्या मुलाचें हसणें घोड्याच्या खिंकाळण्यासारखें असतें. वर्गांतली चार पोरें त्याची नक्कल करतात. आणि पुढच्या सहामाहीपर्यंत तें पोर तोंडावर हात ठेवून हसूं लागतें. आपल्याला लोक हसतील ही धास्ती कांहींच्या मनांत इतकी खोल रुजते कीं शेजारच्या बांकावरचा हशा त्यांना आपल्यावरच आहे असें वाटतें. मानसशास्त्रज्ञांनीं अलीकडे या भीतीचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. 'हसतील त्याचे दांत दिसतील' ही म्हण आपण धीर देण्यासाठीं वापरतों, पण अशा मनुष्यास ती पुरत नाहीं.

तिसरें कारण सहानुभूतीचें. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संशयकल्लोळ' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचें मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील 'स्गानारेल' या नाटकापर्यंत पोंचतें; म्हणजे संशयी नवऱ्याला लोक किती शतकें हसत आले आहेत तें पहा. फाल्गुनरावाला क्षुल्लक खुणांवरून पत्नीचा संशय येतो, त्याचा गोंधळ वाढत जातो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. पण जिच्या घरीं खराच संशयी नवरा होता ती बाई त्या वेळीं काय करीत असेल? बर्गसाँ यांनीं म्हटलें आहे कीं हसण्यासाठीं हृदय क्षणभर बधिर व्हावें लागतें. ज्याचें हृदय त्या ठिकाणीं दुखरें आहे तो हसूं शकत नाहीं. त्याला विनोद कळतो. किंबहुना इतरांपेक्षां अधिकच कळतो. अशाला अरसिक म्हणणें हा अन्याय होय.

चौथें कारण चोखंदळपणाचें. हसूं फुटण्यास अनपेक्षिताचा धक्का लागतो. ज्यानें शंभर फार्स पाहिले त्याला पात्र कपाटांत लपलें कीं तें कपाट केव्हां उघडणार हें आधींच दिसतें. तो मनांतल्या मनांत कारागिरीला दाद देतो. आवाज मात्र निघत नाहीं. गवयाच्या मैफलींत जाणता श्रोता प्रत्येक समेला 'वाहवा' करतोच असें नाहीं. त्याची मान किंचित् हलते, तेवढें गवयाला पुरतें.

मग न हसणाऱ्याला खरोखर गंमत वाटली कीं नाहीं, हें ओळखावें कसें? द्यूशेन या फ्रेंच वैद्यानें चेहऱ्यांच्या स्नायूंचा अभ्यास करून १८६२ सालीं एक ग्रंथ लिहिला. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायु आपल्या इच्छेनें हालतो, पण खऱ्या आनंदांत डोळ्यांभोंवतींचा स्नायुही आखडतो, आणि तो मुद्दाम आखडतां येत नाहीं, असें त्याचें मत होतें. तेव्हां कान देण्यापेक्षां डोळ्यांकडे पहावें. दुसरी खूण घरगुती आहे: चार दिवसांनीं चहाच्या वेळीं तोच मनुष्य नाटकांतलें वाक्य नेमक्या जागीं बोलून दाखवितो. ज्याला तें आवडलें नाहीं त्याच्या तें लक्षांत कशाला राहील?

येथपर्यंत मीं जन्मतः अबोल हसणाऱ्यांची वकिली केली. परंतु दुसरीही एक जात आहे, आणि तिच्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. जो मनुष्य पूर्वीं खळखळून हसत असे आणि अलीकडे हसेनासा झाला आहे, त्याच्याकडे 'वय झालें' म्हणून दुर्लक्ष करूं नये. कित्येकदां कारण अगदीं साधें, म्हणजे कानाचें असतें. उतारवयांत प्रथम उंच पट्टींतले ध्वनि ऐकूं येईनासे होतात, आणि स, श, फ, त यांसारखीं व्यंजनें निसटतात. मराठी विनोद तर शब्दाच्या कोटीवर आणि भरभर बोलण्यावर उभा! एक अक्षर हुकलें कीं कोटी गेली. सगळे हसल्यावर "काय म्हणाला?" असें विचारण्याची लाज वाटते, म्हणून मनुष्य गप्प बसतो, आणि हळूहळू बाहेर जाणेंच टाळूं लागतो. कानाची तपासणी आणि योग्य श्रवणयंत्र यांनीं पुष्कळांचें हरवलेलें हसूं परत येऊं शकतें.

कंपवाताच्या विकारांत चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. आंत गंमत वाटत असूनही मुद्रा कोरी दिसते. आणि मन खिन्नतेच्या आजारानें ग्रासलेलें असलें तर गंमत वाटणेंच बंद होतें. पूर्वीं आवडणारें गाणें, आवडणारा पदार्थ, आवडणारें माणूस, कशाचीच गोडी उरत नाहीं. या दोन्हींवर उपचार आहेत. मात्र ते सुरू होण्यासाठीं घरांतील कोणाच्या तरी तें लक्षांत यावें लागतें, आणि 'हे काय, नेहमींचेच एरंडेल प्यालेले' अशी थट्टा करीत बसलें तर तें लक्षांत येणार नाहीं.

म्हणून माझी विनंती दोन शब्दांची आहे. जो पहिल्यापासून गालांतल्या गालांत हसतो त्याला तसेंच हसूं द्यावें आणि पुढच्या नाटकाला आवर्जून बरोबर न्यावें. शेजारीं आपलें माणूस बसलें आहे, एवढ्यानेंही त्याचा आनंद वाढतो. आणि ज्याचें हसणें मध्येंच थांबलें असेल त्याच्याजवळ बसून, थट्टा बाजूस ठेवून, "बरें वाटत नाहीं का?" असें एकदां विचारावें.