पाडव्याच्या पहाटेची फायनल : बेसबॉल भारतातून कसा बघायचा

क्रिकेट येतं त्याला बेसबॉल अर्धा येतो, असं आमच्या हाऊसमधली मुलं म्हणतात. मला ते पटत नाही. क्रिकेट डोक्यात ठेवून बघायला बसलं तर पहिल्या दहा मिनिटांतच जांभया सुरू होतात. चौकार नाही, षटकार क्वचित, आणि बॅटर नुसता उभा राहून चेंडू सोडतोय. तरी हा खेळ एकदा नीट बघावा असं मी म्हणेन, आणि सुरुवात करायची तर वर्ल्ड बेसबॉल क्लासिकपासून. ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा २००६ साली सुरू झाली. जपानने २००६, २००९ आणि २०२३ मध्ये ती जिंकली, २०१३ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकने आणि २०१७ मध्ये अमेरिकेने. भारत यात अजून खेळलेला नाही. पाकिस्तानचा संघ मात्र २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पात्रता फेरी खेळून आला आहे.

पहिली अडचण घड्याळाची. स्पर्धा मार्चमध्ये असते आणि सामने एकाच वेळी जगाच्या दोन टोकांना चालतात. टोकियोचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे दुपारी साडेतीनला आणि दुपारी बाराचा इथे सकाळी साडेआठला सुरू होतो. म्हणजे टोकियोतले सामने आपल्याला रविवारी बघता येतात. अमेरिकेचा हिशोब जरा अवघड आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, आणि हा रविवार नेमका स्पर्धेच्या मधेच येतो. त्यामुळे मायामीतला संध्याकाळी सातचा सामना त्या रविवारच्या आधी आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो, नंतर साडेचारला. तारीखही आपली पुढची असते. वेळापत्रकात '२१ मार्च' वाचून २१ च्या पहाटे उठलेल्या माणसाला काहीच दिसणार नाही.

२०२३ ची फायनल अशीच होती. मायामीत २१ मार्चची संध्याकाळ, आपल्याकडे २२ मार्चची पहाट. त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि बेंगळुरूत उगादी. एरवीही पाडव्याला घरोघरी लवकर उठतातच, त्यामुळे गुढी उभारायच्या आधी टीव्ही लावायला हरकत नव्हती. होस्टेलमध्ये मात्र पहाटे साडेचारला टीव्ही रूम उघडी मिळणार नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं, कारण पुढे पीटी असते. आपल्यासाठी खरा मार्ग म्हणजे सुट्टीच्या दिवशी रिप्ले किंवा हायलाइट्स बघणे. तोवर निकाल कानावर पडू द्यायचा नाही हे वेगळं कौशल्य आहे. साठ मुलांच्या डॉर्मिटरीत ते जमवून दाखवावं.

दुसरा प्रश्न, कुठे बघायचं? प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि स्पर्धेगणिक वेगळे विकले जातात. २०२६ च्या स्पर्धेचे जपानमधले हक्क नेटफ्लिक्सने घेतले, आणि जिथे बेसबॉल घराघरात बघतात तिथेच साध्या टीव्हीवरून तो गेला. म्हणून 'गेल्या वेळी अमुक ॲपवर होतं' यावर विसंबून वर्षाचे पैसे भरू नयेत. आधी स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रक्षेपकांची देशवार यादी बघावी, तिथे भारतापुढे ज्याचं नाव असेल त्याचाच पॅक घ्यावा, शक्यतो एका महिन्याचा, आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाकावी. भारतापुढे कोणाचंच नाव नसेल तर मेजर लीग बेसबॉलच्या यूट्यूब वाहिनीवर हायलाइट्स असतात. त्यांचंच 'गेमडे' नावाचं पान फुकट आहे. त्यात चित्र नसतं, पण प्रत्येक चेंडू कुठून गेला ते ठिपक्याने दिसतं. मोबाइलचा दिवसाचा डेटा दीड-दोन जीबीचा असेल, तर तीन तासांचा सामना एचडीत बघता बघता तो संपतो, तेव्हा हे पान उपयोगी पडतं.

पालकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मोठी स्पर्धा आली की व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर 'फ्री लाइव्ह'च्या लिंका फिरायला लागतात. त्यातली एखादी लिंक दाबली की आधी एक ॲप उतरवून घ्यायला सांगते. हे ॲप प्ले स्टोअरवरचं नसतं, बाहेरची एपीके फाइल असते. मग ते संपर्क, मेसेज आणि फोटो बघायची परवानगी मागतं. सामना बघायला मेसेज कशाला लागतात? सुट्टीत आपण बहुतेक जण वडिलांचा नाहीतर आईचा फोन वापरतो, आणि आपल्यातल्या कित्येकांचे वडील सेवेत आहेत. त्या फोनमध्ये युनिटचे ग्रुप असतात, सहकाऱ्यांचे नंबर असतात, बँक असते. एका सामन्यासाठी ते सगळं अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतं. असं ॲप चुकून उतरलंच तर इंटरनेट बंद करून ते काढावं आणि घरात लगेच सांगावं. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करावा. तो सरकारी सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता पडद्यावर बघायचं काय? चेंडूआधी कोपऱ्यातली चौकट बघायची. तिच्यात तिरका ठेवलेला छोटा चौकोन असतो, ते बेस. जिथे रंग भरलाय तिथे धावणारा उभा आहे. इनिंगच्या आकड्याशेजारचा बाण वर असेल तर पाहुणा संघ फलंदाजी करतोय, खाली असेल तर यजमान. प्रत्येकी नऊ इनिंग, एका इनिंगला तीन आउट. आणि मग '२-१' असे दोन आकडे, ज्यात सगळा खेळ आहे. पहिला आकडा बॉलचा, दुसरा स्ट्राइकचा. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर. '०-२' ला पिचर राजा असतो आणि मुद्दाम बाहेरचा चेंडू टाकून बॅटरला फसवायला बघतो. '३-०' ला त्याला सरळ टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. बॅटर 'नुसता सोडतोय' असं वाटतं तेव्हा तो हेच आकडे आपल्या बाजूला ओढत असतो. हे कळलं की जांभया थांबतात.

पडद्याच्या मधोमध दिसणारी आयताकृती चौकट स्ट्राइक झोनची. ती आपल्यासाठी काढलेली असते, मैदानात काही नसतं. पिचर साडेअठरा मीटरवरून फेकतो, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा दीडेक मीटर जवळून, आणि टप्पा न पाडता.

चांगला चाललेला पिचर अचानक बाहेर गेला तर चिडू नये. या स्पर्धेत त्याच्या चेंडूंवर मर्यादा असते: पहिल्या फेरीत ६५, उपांत्यपूर्व फेरीत ८०, त्यापुढे ९५. टी-ट्वेंटीत चार षटकं असतात तसंच हे.

हे सगळं एकत्र बघायचं तर २०२३ च्या फायनलची शेवटची इनिंग शोधून बघा. जपान ३, अमेरिका २. जपानकडून चेंडू टाकायला शोहेई ओहतानी आला, जो त्याच सामन्यात फलंदाजीही करत होता. पहिला बॅटर चार बॉलवर फुकटात पहिल्या बेसवर गेला, दुसऱ्याच्या फटक्यावर दोघे आउट. समोर आला अमेरिकेचा कर्णधार माइक ट्राउट, एरवी अमेरिकेतल्या क्लबमध्ये ओहतानीचाच सहकारी. चौकटीतले आकडे चढत चढत ३-२ झाले. आता पुढे ढकलायला जागाच नव्हती. ओहतानीने ताशी १६० किलोमीटरच्या वरचे चेंडू टाकून झाल्यावर आडवा वळणारा संथ चेंडू टाकला. ट्राउटची बॅट हवेतून फिरली.

मला मात्र त्या स्पर्धेतला आणखी एक चेंडू जास्त आवडतो. चेक प्रजासत्ताकाच्या संघात बहुतेक जण नोकरी सांभाळून खेळणारे, प्रशिक्षक मेंदूविकाराचे डॉक्टर. त्यांचा पिचर ओंद्रेय सातोरिया इलेक्ट्रिशियन. टोकियोत त्याने आपल्या संथ चेंडूंवर ओहतानीला तीन स्ट्राइकवर बाद केलं. सामना जपानने सहज जिंकला, तो भाग वेगळा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत झाली, आणि तिथेच क्रिकेट व बेसबॉल-सॉफ्टबॉल दोन्ही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं. बेसबॉल डॉजर स्टेडियमवर होणार आहे. जुलैत लॉस एंजेलिसचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, तेव्हा तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. दुपारी एकचा सामना रात्री दीडला, म्हणजे लाइट्स आउटनंतर. तो रिप्लेमध्येच बघावा लागेल.