अर्बुद आणि पेशीविभाजनाचा लगाम

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले आहे. गोल, स्थिर, मंद वेदनेचा, खोल मूळ धरणारा, सावकाश वाढणारा आणि न पिकणारा असा हा मांसोच्छ्राय होय. ही वाढ आवरली का जात नाही, या प्रश्नाचे आधुनिक पेशीविज्ञानाने दिलेले उत्तर वैद्यवर्गाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पेशी विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची प्रत तयार करते. या टप्प्याच्या दारावर आरबी नावाचे प्रथिन पहारा देते. विभाजनास चालना देणारी विकरे हा पहारा सैल करतात, तर पी-१६ हे प्रथिन त्या विकरांना आवर घालते. म्हणजेच पी-१६ हा विभाजनाचा लगाम आहे. त्याचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते.

याच भागात, शेजारच्या पी-१५ जनुकाच्या उलट दिशेने वाचला जाणारा एक आरएनए २००७ साली प्रकाशात आला. त्याचे नाव अॅनरिल. त्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही, म्हणून तो 'असांकेतिक', आणि विरुद्ध दिशेचा म्हणून 'प्रतिअर्थी'. हा आरएनए पॉलिकोंब गटातील प्रथिनांना तेथे आणतो आणि ती प्रथिने पी-१५ व पी-१६ यांची जनुके मिटवून ठेवतात. जनुक शाबूत असूनही लगाम सुटतो. अनेक प्रकारच्या कर्करोगांत अॅनरिलचे प्रमाण वाढलेले आढळले आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र वाट निराळी आहे. तेथे एचपीव्ही विषाणूचे ई-७ प्रथिन थेट आरबीलाच निकामी करते. पेशी पी-१६ भरपूर निर्माण करते, पण पहारेकरीच उरला नसल्याने ते व्यर्थ ठरते. म्हणून विकृतितज्ज्ञ वाढलेले पी-१६ हीच या विकृतीची खूण मानतात. एका कर्करोगात ज्याचा अभाव घातक, दुसऱ्यात त्याचेच आधिक्य रोगसूचक! तेव्हा एखाद्या वनस्पतीच्या अर्काने काचपात्रातील पेशींत पी-१६ वाढले, एवढ्यावरून तिला कर्करोगहर म्हणणे शास्त्रसंमत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेही कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस मनाई केली आहे, हे औषधालयचालकांनी ध्यानात ठेवावे.

खरा लाभ वेळेवर निदान होण्यात आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच मिळाला. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सेवेवर असलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ झाले.

रक्तप्रदर वा श्वेतप्रदराची रुग्णा बहुधा प्रथम आपल्याकडेच येते. अनेकदा तर औषधालयातून अशोकारिष्टाची बाटली घेऊन ती परत जाते. रजोनिवृत्तीनंतरचा किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव आणि दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे असता गर्भाशयमुखाची तपासणी झाल्याविना केवळ औषधावर ठेवू नये. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथे तिला तत्परतेने पाठवावे. अग्निबल, आहार आणि मनोबल यांची काळजी आपण त्यानंतरही घेऊ शकतो. गेलेला काळ मात्र कोणत्याही कल्पाने परत आणता येत नाही.