दहा सेकंदांत थांबणारी दादागिरी

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोपऱ्यात पोरांचा घोळका जमला की आपण विचारतो, कोणी मारलं, कुणाला मारलं. शाळा मुदखेडची असो की नांदेडची, घोळक्यातल्या उरलेल्या पोरांबद्दल कोणी काही विचारत नाही. मला मात्र सगळ्यात नवल वाटतं ते त्यांचंच.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावले, मुलांच्या अंगावर छोटे माइक बसवले. 2001 साली छापून आलेले त्यांच्या चमूचे आकडे असे: दादागिरीच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथं हजर होती. मध्ये पडली फक्त 19 टक्के वेळा. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! शिक्षकांना बोलावून आणायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मग बाकीची गप्प का राहतात? त्यांना दया नसते म्हणून? न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळंच सांगतो. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून यंत्रावरून बोलत होते. अचानक एकाला झटका आल्याचा आवाज आला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी 31 टक्केच. जे जागचे हलले नाहीत, त्यांच्या तळहाताला घाम फुटला होता, हात थरथरत होते. खोलीत आलेल्या प्रयोगकर्त्यांना त्यांनी विचारलं, तो बरा आहे ना? काळजी होती, पण 'दुसरं कोणीतरी गेलंच असेल' या समजुतीनं पाय धरून ठेवले होते.

पण कोणी एक जरी हललं, तरी चित्र बदलतं. 27 जून 2023ला पुण्याच्या सदाशिव पेठेत भर रस्त्यात एकजण कोयता घेऊन एका मुलीच्या मागं लागला. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी पोरं त्या भागात खोल्या करून अभ्यास करतात. रस्त्यावर माणसं होती. लेशपाल जवळगे हा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी धावला, हर्षद पाटीलही आला, आणि मुलगी वाचली.

शाळकरी पोरांनी कोयत्यापुढं जावं असं कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. ते काम मोठ्यांचं. काही बाबतींत तर कायदाच मोठ्यांना गप्प राहू देत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्यानं मोठ्यांसाठी गुन्हाच ठरवलं आहे. मुलांना त्या शिक्षेतून वगळलं आहे, आणि ते रास्तच आहे. लेकरांच्या मदतीसाठी 1098 हा मोफत फोन नंबर आहे. तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

पोरांचा वाटा वेगळा, आणि मला तो फार सुंदर वाटतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या पुढाकारानं तयार झालेल्या 'किवा' या शालेय कार्यक्रमात त्रास देणाऱ्याशी शाळेतली मोठी माणसं बोलतातच. शिवाय ज्यांचं वर्गात ऐकलं जातं अशा दोन-चार समजूतदार मुलांना वर्गशिक्षक बाजूला बोलावतात. त्रास सोसणाऱ्या लेकराला एकटं वाटू नये म्हणून तुम्ही काय कराल, एवढंच विचारतात. डबा खायला शेजारी बसवणं, खेळात घेणं, घरी जाताना सोबत करणं, असली उत्तरं तर आपल्याकडचं चौथीतलं पोरही देईल.